पत्रव्यवहाराचं पान आधी उघडा

वर विचारलंय की जुन्या मासिकांतले चांगले वाद शोधायचे कसे, अनुक्रमणिकेत तर ठरावीक मोठी नावंच दिसतात. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' (१८०० ते १९३७) अमूल्यच आहे, पण ती पुस्तकांची. अंकात दडलेली चर्चा तिच्यात सापडणार नाही.

मी 'विविधज्ञानविस्तार'सारख्या मासिकाचा बांधीव खंड घेतला की उलटा वाचतो. आधी वाचकांची पत्रं, मग ज्या लेखाला उत्तर दिलंय तो लेख, मग त्याच्याही मागचा अंक. एखाद्या लेखावर तीन-चार महिन्यांनीही कोणी खुलासा मागत असेल, तर तिथं नक्की थांबावं. शुद्धलेखन, भाषांतर, जुनी नाणी असे विषय शीर्षकावरून रुक्ष वाटतात आणि म्हणूनच मागे पडतात. लोकहितवादींची 'शतपत्रे' तरी काय होती? १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात आलेली पत्रंच ना! ती पुढे पुस्तकात आली म्हणून आपल्यापर्यंत पोचली.

आणि काही सापडलं की वर्ष, अंक, पृष्ठ लगेच टिपून इथं टाका, कृपया. कागद फार ठिसूळ झालाय हो, दर वेळी नव्यानं पानं उलटणं त्याला सोसत नाही.