'रेलरोड कंडक्टर' आणि 'यार्डमास्टर': मराठीत काय म्हणावं?

अनुवादू: अमेरिकी रेल्वेतल्या नोकऱ्यांवरचा मजकूर मराठीत करतोय. 'वाहक' आणि 'आवार पर्यवेक्षक' चालेल का?

तापीकाठ (भुसावळ): नको हो! 'वाहक' एसटीतला. 'आवार' कोर्टाचं नाहीतर शाळेचं, आणि पर्यवेक्षक तर परीक्षेच्या वर्गात फिरतो.

तिकडच्या मालगाडीचा कंडक्टर तिकिटं बघत नाही. गाडीत कुठले डबे कोणत्या क्रमाने, कुठला कुठे सोडायचा, कागदपत्रं, सगळं त्याच्या अंगावर. म्हणजे आपला गार्डच की. फरक बसायच्या जागेचा. अमेरिकेत १९८०च्या दशकापासून मालगाड्यांचा शेवटचा, कंडक्टर बसायचा तो डबा जात गेला, शेपटीला यंत्र लागलं आणि कंडक्टर इंजिनात चालकाशेजारी बसू लागला. आपला गार्ड मागेच, ब्रेकव्हॅनमध्ये. लाल-हिरवी झेंडी, हातदिवा, ब्रेकच्या प्रेशरचा काटा आणि फटाके घेऊन. फटाके दिवाळीचे नव्हेत. ब्रॉडगेजवर गाडी अडून पडली की मागे चालत जाऊन ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन रुळावर बसवायचे. मागून येणाऱ्या चालकाला आवाजानं कळतं. हे काम 'वाहक' शब्दात कुठे मावणार?

अमळनेरकर: पण 'गार्ड' आता कागदावर राहिला नाही. जानेवारी २०२२ पासून पदनाम 'ट्रेन मॅनेजर' आहे.

तापीकाठ: पगारपत्रकावर असेल. रेल्वे कॉलनीत अजून 'गार्डसाहेब'च ऐकू येतं. मजकूर अमेरिकेचा आहे, तेव्हा 'कंडक्टर' ठेवा आणि पहिल्यांदा आला की 'म्हणजे आपल्याकडचा मालगाडीचा गार्ड' एवढं जोडा. आणि तिकडे 'इंजिनिअर' म्हणजे गाडी चालवणारा, बरं का. तिथे अभियंता लिहिलात तर मेलात.

अनुवादू: आणि यार्डमास्टर?

तापीकाठ: 'यार्ड मास्टर'च. भुसावळला कोणाला त्याचं भाषांतर लागत नाही. आलेली गाडी कुठल्या लाईनीत घ्यायची, कुठले डबे तोडायचे, शंटिंगचं, म्हणजे डबे हलवून जोडायचं-तोडायचं इंजिन कोणाला द्यायचं, हे तो ठरवतो. गाडी दुसऱ्या लाईनीत वळवायला रुळांचे सांधे बदलायचे आणि डब्यांचं कपलिंग जोडायचं, त्याला पॉइंट्समन.

अमळनेरकर: पॉइंट्समनला 'सांधेवाला' हा छान मराठी शब्द आहे. तो तरी वापरा.

अनुवादू: वापरतो. 'शंटिंग' तसंच ठेवू?

तापीकाठ: तसंच. अमेरिकन त्याला 'स्विचिंग' म्हणतात. ते तसंच लिहिलंत तर वाचणारा विजेचं बटण शोधेल.