मदत हवी आहे: एका माणसाच्या गावाचे आकडे कसे मांडायचे?

नमस्कार मंडळी. लेकीला शाळेसाठी अमेरिकेतल्या एका खेड्याची लोकसंख्या, उत्पन्न आणि वंशनिहाय प्रमाण लिहायचं आहे. तिनेच हौसेने नेब्रास्का राज्यातलं मोनोवाय निवडलं. २०१० च्या जनगणनेत तिथे माणूस एकच! २०२० मध्ये मात्र २. प्रत्यक्षात कोणी राहायला आलंच नव्हतं. लोकांची खासगी माहिती ओळखू येऊ नये म्हणून जनगणना खात्याने २०२० मध्ये लहान गावांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी सरमिसळ केली होती, त्याचा हा प्रसाद. राज्याची एकूण लोकसंख्या तेवढी जशीच्या तशी ठेवली. मग लेकीने १ लिहायचं की २?

उत्पन्नाचं त्याहून अवघड. ते १० वर्षांच्या जनगणनेत विचारतच नाहीत; वेगळ्या नमुना पाहणीतून येतं, आणि लहान गावांसाठी ५ वर्षं एकत्र करून. शेजारी ± करून संभाव्य चुकीचा जो आकडा असतो, तो कधीकधी मूळ उत्पन्नाच्या निम्मा! असा उत्पन्नाचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) छापावा की सरळ काउंटीचा (तिथल्या जिल्ह्याचा) घ्यावा?

तिसरं, २०२० मध्ये हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांतलं मूळ असलेले) हा वंश धरलेला नव्हता, तो प्रश्न वेगळा होता. म्हणून तेच लोक दोन्हीकडे मोजले जातात आणि सगळ्यांची बेरीज केली की १०० टक्क्यांच्या वर जाते. (माझा अर्धा रविवार यातच गेला.) कोणी या तक्त्यांवर काम केलंय का? शुक्रवारी द्यायचं आहे.