मदत हवी आहे: वासेल पुलावरच्या हल्ल्याचं गणित

नमस्कार मंडळी,

६ ऑगस्ट १९४४ रोजी अमेरिकेच्या ४१६व्या हलक्या बाँबर ग्रुपने फ्रान्समध्ये सीन नदीवरच्या वासेलच्या रेल्वे पुलावर हल्ला केला. जर्मनांची सीन ओलांडायची वाट तोडायची होती. विमानं ए-२० हॅवॉक. त्या मोहिमेचं संगणकावर सिम्युलेशन करतो आहे.

सहा विमानांची एक तुकडी धरली आहे. पुढे काचेच्या नाकाचा ए-२० चा 'जे' प्रकार, त्यातच बाँबार्डियर, म्हणजे नेम धरून बाँब सोडणारा. मागे बंद नाकाची 'जी' प्रकारची विमानं, त्यांनी पुढच्याचे बाँब सुटताना बघून आपले सोडायचे. प्रत्येकी ५०० पौंडी ४, म्हणजे एकूण २४ बाँब.

१२,००० फुटांवरून बाँब खाली यायला हवेचा रोध सोडून २७ सेकंद लागतात. वाऱ्याचा अंदाज सेकंदाला ५ मीटरने चुकला की नेम १३५ मीटर हुकतो. मागच्या वैमानिकाने अर्धा सेकंद उशीर केला तर ताशी २५० मैल वेगात आणखी ५६ मीटर. पूल मात्र जेमतेम १० मीटर रुंद!

नेमकं इथे अडलंय. पुलाच्या लांबीच्या दिशेने गेलं तर पल्ल्यातली (पुढे-मागे पडण्याची) चूक पुलावरच जिरते, पण डावी-उजवीकडची चूक माफ होत नाही. आडवं गेलं तर उलटं. तिरका कोन घेतला तर किती अंशांचा? बाँबमधलं अंतर किती ठेवावं? विमानवेधी तोफांमुळे सरळ उड्डाण जितकं लांबेल तितका धोका, तेही धरायचंय.

कुणी हे गणित केलं असेल तर सूत्रासकट सांगा, प्लीज.