1,41,000 किमी झालेली गाडी ऑइल पितेय, ब्लॉक-पिस्टन बदलू का?

दूधवाला_पाटण:
नमस्कार मंडळी. वडलांची 2007 ची शंभर सीसी गाडी आहे. (कंपनी लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडंच जाते.) मीटर एकदा पूर्ण फिरून शून्यावर आला, आता पुन्हा 41 हजार दाखवतोय. मधे दीड वर्ष केबल तुटलेली होती, ते धरलेलं नाही. रोज पहाटे वाडीवरून दुधाचे दोन कॅन लावून घाट उतरायचा, रिकामे कॅन घेऊन चढायचा.

सकाळी पहिल्या किकला निळा धूर येतो, मिनिटभरात जातो. घाट उतरून पुलाजवळ गॅस दिला की पुन्हा एक भपका. चढाला काही नाही. मागच्या वेळी 800 मिली ऑइल घातलं होतं, काढताना त्याच्या निम्मंच निघालं. फिटर म्हणतो ब्लॉक-पिस्टन नवीन टाक, साडेसात हजार. 2022 ला पर्यावरण कर भरून आरसी पाच वर्षं वाढवलीय, त्यामुळं मोडीत घालायची नाही.

वडाप_सातारा:
भावा, जाड ऑइल घाल. आमच्या जीपचं 20डब्ल्यू-50 उरलं की मी गाडीत ओततो. धूर कमी होतो.

जुना_गॅरेजवाला:
वडापवाले, धूर कमी दिसतो, झीज तशीच राहते. आणि चारचाकीचं ऑइल मोटरसायकलला घालू नका. आपल्या क्लच प्लेटा त्याच ऑइलात बुडालेल्या असतात, त्या घसरायला लागतात. डब्यावर 'जासो एमए' हा मोटरसायकलच्या ऑइलचा मार्क बघून घ्या.

आता दूधवाल्या, तुझं. गॅरेज बंद करून चार वर्षं झाली (गुडघे), पण तू धूर कधी येतो ते नीट लिहिलंस म्हणून उत्तर देतोय. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर चढाला, इंजिनवर जोर आला की धूर दिसला असता. तुझा येतो रात्रभर उभी राहिल्यावर आणि उतारानंतर. उताराला गॅस बंद आणि गाडी गिअरवर, तेव्हा इंजिन वरून ऑइल ओढून घेतं. वॉल्व्हचे सील (ऑइल आत उतरू न देणारे रबर) कडक झाले असणार.

खात्री करून घे. प्लग काढ, भोकात चमचाभर ऑइल टाक, प्लग लाव, चावी बंद ठेवून किक मार. किक आधीपेक्षा चांगलीच जड लागली तर रिंगा गेल्यात. तेवढीच राहिली तर ब्लॉकला हात लावू देऊ नकोस. फक्त ब्लॉकच्या वरचं हेड खोल. नुसते सील बदलून गप्प बसू नकोस, वॉल्व्ह गाइडमध्ये (तो ज्या नळीत सरकतो ती) हलतोय का बघ. हलत असेल तर नवीन सीलही टिकणार नाही.

आमच्या वेळी टू-स्ट्रोकचा सायलेन्सर काढून कार्बन जाळायचं काम रोजचं होतं. 1985 ला हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी 100 आली आणि ते काम कमी होत गेलं. पण माणसं असं समजून बसली की फोर-स्ट्रोकला ऑइल बघायचंच नसतं! तू निम्म्या ऑइलवर घाट चढत होतास. दर रविवारी मधल्या स्टँडवर लावून ऑइल मोजायची काडी बघ. काडी नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत, नाहीतर पातळी चुकीची दिसते.

दूधवाला_पाटण:
काका, चमच्याचा प्रयोग केला. किक होती तशीच. दुसऱ्या गॅरेजात हेड खोललं, एक सील बोटानं दाबल्यावर तुकडे होऊन पडला. एक गाइडही ढिला निघाला. दोन्ही सील, गाइड आणि मजुरी मिळून 1,650 रुपये झाले. आज अकरावा दिवस, पुलाजवळ रोज मागं वळून बघतोय, धूर नाही. काडीवर ऑइलही जागच्या जागी.

फक्त आता टायमिंग चेनचा खडखडाट ऐकू यायला लागलाय. का आधीपासूनच होता, काय माहीत.

जुना_गॅरेजवाला:
कधी येतो? सकाळी गार असताना, का गरम झाल्यावर? आधी ते लिही.