बाबांच्या फाईलवर 'डीबेकी टाइप २' लिहिलंय, हा डीबेकी कोण?

रविवार_कारंजा:
नमस्कार मंडळी. आमच्या बाबांचं गेल्या महिन्यात नाशकातच मोठं ऑपरेशन झालं, हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी आतून फाटली होती. लग्नसराई म्हणून रात्री उशिरापर्यंत मशीनवर बसलेले (आमचं टेलरिंगचं दुकान आहे) आणि एकदम छातीत नि पाठीत चिरल्यासारखी कळ, आम्ही आपलं ॲसिडिटी म्हणून इनो देत बसलो. असो. आता घरी आहेत, आईशी भांडायला लागलेत म्हणजे बरे आहेत. काल फाईल चाळत होतो तर डिस्चार्ज कार्डवर 'डीबेकी टाइप २' दिसलं. बाबा म्हणे आत जी नळी बसवलीय तिच्या कंपनीचं नाव असेल. कुणाला माहितीय का?

ओटीवाली_ताई:
कंपनी नाही हो, माणूस. मायकेल डीबेकी, अमेरिकेतले सर्जन. आमच्या ऑपरेशन थिएटरात तर रोजच्या तोंडात आहेत, सर नुसता हात पुढे करून 'डीबेकी' म्हणतात आणि आपण चिमटा द्यायचा. लांब नाजूक चिमटा असतो, टोकाला आतून एका बाजूला बारीक दातांची एक ओळ, समोरच्या बाजूला दोन, ती एक बरोब्बर त्या दोघींच्या मध्ये बसते, म्हणून नस धरली तरी चिरडत नाही. मुख्य रक्तवाहिनी अशी फाटण्याचे टाइपही त्यांचेच. १ म्हणजे हृदयाजवळ सुरू होऊन पुढे त्या रक्तवाहिनीच्या कमानीत आणि खालीपर्यंत गेलेली चीर, २ म्हणजे फक्त वरच्या भागातच, ३ म्हणजे खालच्या भागात. वरच्या भागातली असली की सहसा लगेच ऑपरेशन. काका वेळेत पोचले, नशीब.

देवळाली_कॅम्प:
मी एएमसीत, म्हणजे आपल्या आर्मी मेडिकल कोअरमध्ये, नर्सिंग असिस्टंट होतो, आता रिटायर. आम्हाला हे नाव वेगळ्याच कारणानं माहिती. दुसऱ्या महायुद्धात डीबेकी १९४२ला फौजेत गेले, अमेरिकन सर्जन जनरलच्या ऑफिसात सर्जरीचं काम बघायचे, कर्नलपर्यंत पोचले. त्यांचं आणि बरोबरच्यांचं म्हणणं असं की जखमीला मैलोन्‌मैल मागे आणत बसण्यापेक्षा सर्जनलाच टीमसकट पुढे धाडा, कारण पोटात गोळी लागलेला माणूस ट्रकच्या धक्क्यांनीच संपतो. त्यातूनच पुढे तंबूतली फिरती सर्जिकल हॉस्पिटलं निघाली, कोरियाच्या युद्धात त्यांना मॅश म्हणायचे. आमच्याकडेही आधी आरएपी (पलटणीचं प्रथमोपचार केंद्र), मग ड्रेसिंग स्टेशन, मग फील्ड हॉस्पिटल अशी साखळी असते, आणि ज्यानं एकदा स्ट्रेचर धरून डोंगर उतरलाय त्याला सर्जन दोन किलोमीटर जवळ असणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. लोक त्यांना हार्टवाले डॉक्टर म्हणून ओळखतात, मला विचाराल तर त्यांचं हे काम मोठं. फौजेतल्या कामाबद्दल १९४५ला लीजन ऑफ मेरिट हे अमेरिकन फौजेचं पदक मिळालं.

ओटीवाली_ताई:
@रविवार_कारंजा एक राहिलं, हे खास काकांना सांगा. माणूस शिवणकाम करायचा! आईनं लहानपणीच शिकवलेलं. लेबनॉनहून आलेलं कुटुंब, वडिलांचं लुइझियानात औषधाचं दुकान. पुढे ह्यूस्टनला असताना कृत्रिम रक्तवाहिनी करायची म्हणून कापडाच्या दुकानात नायलॉन घ्यायला गेले, नायलॉन संपलेलं, दुकानदारानं डेक्रॉन दिलं. घरी येऊन बायकोच्या मशीनवर दोन तुकडे कापून दोन्ही कडा शिवल्या, झाली नळी. डेक्रॉन म्हणजे आपलं टेरिलीनच, पॉलिएस्टर. काकांच्या छातीत आज बहुतेक त्याच जातीचं कापड आहे, फक्त आता ते कारखान्यातून चुण्या घालून येतं, म्हणजे वाकवलं तरी मुडपत नाही.

म्हसरूळचा_इंटर्न:
सगळ्यात भारी किस्सा कुणी सांगितलाच नाही. ३१ डिसेंबर २००५, डीबेकी ९७ वर्षांचे, घरी एकटे बसलेले आणि छातीत भयंकर कळ. स्वतःच ओळखलं की हे तेच, ज्याचे टाइप आपण पाडलेत. नंतरच्या स्कॅनमध्ये टाइप २च निघाला, काकांचाच! ऑपरेशन नको म्हणून बसले, आठवडे काढले. फेब्रुवारीत शुद्ध हरपली तेव्हा भूल देणारे डॉक्टर तयार होईनात कारण पेशंटनं आधीच नाही म्हटलेलं. रात्री एथिक्स कमिटी बसली, बायको थेट मीटिंगमध्ये घुसली की आत्ताच्या आत्ता करा. शेवटी त्यांचेच जुने सहकारी जॉर्ज नून यांनी केलं, पद्धत डीबेकींनीच बसवलेली. महिनोन्‌महिने हॉस्पिटलात काढून घरी आले, कामालाही लागले. वारले ११ जुलै २००८ला, शंभरीला दोनच महिने कमी. पण मला अजून पटत नाही, पेशंट नाही म्हणाला होता ना?

देवळाली_कॅम्प:
@इंटर्न अरे बाबा, बरे झाल्यावर ते स्वतःच म्हणाले ना की केलंत ते बरं केलंत.

म्हसरूळचा_इंटर्न:
काका, वाचल्यावर सगळेच म्हणतात. न वाचते तर कोण म्हणणार होतं? आणि देव वगैरे करू नका त्यांना, हाताखालच्या ज्युनियरांना सळो की पळो करून सोडायचे. एकेकाळचे सहकारी सर्जन डेंटन कूलींशी १९६९ला कृत्रिम हृदयावरून जे फाटलं ते २००७ला मिटलं.

रविवार_कारंजा:
सगळ्यांचे आभार. बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. नायलॉन संपलं म्हणून डेक्रॉन दिलं यावर जाम हसले, टाके दुखले. म्हणे मेनरोडवर पण हेच, मागितलेलं नसलं की दुसरं गळ्यात मारतात. ताई, त्यांचा एक प्रश्न आहे, टेरिलीन कापलं की कड उसवते, मग आतमध्ये दुमडून शिवतात का?

ओटीवाली_ताई:
नाही हो, दुमडली तर जाड होईल. कॉटरीनं, म्हणजे गरम टोकानं कापतात, कड जागच्या जागी वितळून बसते. काका दुकानात टेरिकॉटची कड मेणबत्तीवर धरत असतील ना, तस्संच.