वस्तीचं उत्पन्न वाढलं की माणसंच बदलली?

प्रश्न: वॉर्डाचं मध्यक कौटुंबिक उत्पन्न (म्हणजे कमी-जास्त क्रमाने लावल्यावर बरोबर मधल्या घराचं) दहा वर्षांत 20,000 वरून 33,000 झालं. लोकांची परिस्थिती खरंच सुधारली का?

उत्तर 1: आधी महागाई वजा करा. किमतींची पातळी दाखवणारा निर्देशांक 100 वरून 180 झाला असेल, तर जुने 20,000 म्हणजे आजचे 36,000. उत्पन्न घटलंय! वॉर्डाची हद्द मध्येच बदलली नाही ना, तेही तपासा.

उत्तर 2: घाई नको. घरटी माणसं पाचाची चार झाली असतील, तर आजच्या भावाने माणशी 7,200 चे 8,250 होतात.

उत्तर 3: माणसं तीच आहेत का? तेव्हाचे 20–29 वयाचे आता 30–39 मध्ये मोजा. मृत्यू धरूनही आकडा बराच कमी भरला, तर लोक उठून गेलेत. मात्र जेवढे गेले तेवढेच आले, तर यात काहीच दिसत नाही. त्यासाठी त्याच घरात किती वर्षं राहतात, तो तक्ता बघा.