मदत हवी आहे: मराठी-कन्नड शिक्षकांचं दोन दिवसांचं आकाश प्रशिक्षण, आणि सव्वाबाराचं कोडं

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. दसऱ्याच्या सुट्टीनंतर आमच्या भागातल्या विज्ञान शिक्षकांना खगोलाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं काम माझ्याकडे आलंय. तीस-पस्तीस जण असतील. निम्मे मराठी माध्यमाचे, निम्मे कन्नड. मी हौशी माणूस आहे, तज्ज्ञ नाही. म्हणून इथे विचारतोय.

मी स्वतः पूर्वी अशा एका प्रशिक्षणाला बसलोय. दिवसभर पडद्यावर दीर्घिका आणि कृष्णविवरांची चित्रं पाहिली. चित्रं सुंदर होती, पण सोमवारी वर्गात जाऊन काय करायचं ते कुणालाच उमगलं नाही. तसं व्हायला नको. आमच्याकडे बऱ्याच शाळांत प्रोजेक्टर नाही, पण मैदान सगळीकडे आहे.

एक गोष्ट माझ्या शाळेत चांगली जमली, ती सांगतो. वद्य अष्टमीला सकाळी शाळा भरते तेव्हा पश्चिमेला अर्धा चंद्र असतो आणि पूर्वेला ऊन. मुलांना पांढरे प्लास्टिकचे चेंडू दिले आणि हात लांब करून चेंडू चंद्राच्या शेजारी दिसेल असा धरायला सांगितलं. चेंडूवरचं ऊन आणि चंद्रावरचं ऊन अगदी एकाच आकाराचं! सहावीतली एक मुलगी ओरडली, "सर, चेंडूलापण अष्टमी झाली!" चंद्रकला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं मानणारे शिक्षक मला बरेच भेटलेत. सूर्य आणि चंद्र दोन्ही एकाच वेळी आकाशात दिसत असताना पृथ्वीची सावली चंद्रावर पडेल कुठून, हा प्रश्न त्या मैदानात आपोआप येतो. पण वयाने मोठ्या सहकाऱ्यांना त्यांची चूक चारचौघांत कशी दाखवू? त्यांचा मान राहिला पाहिजे, ते माझेही गुरुजी आहेत.

दुसरी अडचण भाषेची. कन्नडमध्ये साध्या ताऱ्यालाही नक्षत्र म्हणतात. आपल्याकडे नक्षत्र म्हटलं की २७ नक्षत्रं. मी "नक्षत्र दाखवा" म्हटलं की अर्धा वर्ग एका ताऱ्याकडे बोट दाखवणार आणि अर्धा मृग शोधत बसणार.

आणि तिसरं कोडं, ज्याने माझी झोप उडवली आहे. मागच्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलांबरोबर मैदानात एक मीटरची काठी रोवली. खानापूर साधारण ७४.५ अंश रेखांशावर, प्रमाणवेळ ८२.५ अंशांची. फरक ८ अंश, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपल्याकडे खरी दुपार १२ वाजून ३२ मिनिटांनी व्हायला हवी. पण सर्वांत लहान सावली मिळाली सव्वाबाराच्या सुमारास, साधारण ६० सेंटिमीटर. काठी तिरपी असेल म्हणून ओळंबा लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. तेच. शिक्षकांनी मला हे विचारलं तर काय सांगू?

निपाणीच्या बाई
सर, चुकीचं आधी. मी असं करते: सुरुवातीला प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्या, नाव लिहायचं नाही. "अष्टमीला चंद्र अर्धा का दिसतो?" एवढंच लिहून घ्या, गोळा करा आणि वाचून न दाखवता ठेवून द्या. मग चेंडू घेऊन बाहेर जा. परत आल्यावर तोच प्रश्न पुन्हा लिहायला द्या. आपण काय बदललं ते ज्याचं त्याला कळतं, कुणाचा अपमान होत नाही.

भाषेचं म्हणाल तर भांडू नका, वापरून घ्या. महिने दोघांचेही तेच आहेत. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांजवळ असतो, म्हणून तो कार्तिक. हे मराठी शिक्षकाला जितकं ओळखीचं तितकंच कन्नड शिक्षकाला. आणि पावसाची नक्षत्रं सोडू नका. जून उजाडला की मृग निघाला म्हणतो आपण, पण मृगाचे तारे तेव्हा रात्री दिसतात का? नाही, कारण सूर्यच त्या भागात असतो. मृग पाहायचा तर डिसेंबरात, संध्याकाळी पूर्वेला. तरण्या आणि म्हाताऱ्या पावसाची नावं आजीकडून ऐकलेली मुलं या धड्याला कान टवकारतात.

पुण्याचा आकाशवेडा
तुमची काठी सरळच आहे, आणि तुमचं निरीक्षण फार चांगलं आहे. ३२ मिनिटं हा वर्षाचा सरासरी हिशेब. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस २३.५ अंश कललेला आहे, त्यामुळे सूर्य घड्याळाच्या मागे-पुढे होत राहतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सुमारे १६ मिनिटं पुढे असतो. ३२ वजा १६, म्हणजे १२ वाजून १६ मिनिटं! फेब्रुवारीच्या मध्याला हेच कराल तर पावणेएकच्या आसपास येईल. शिक्षकांना आकडा आधी सांगू नका, त्यांनाच तुमच्यासारखं गोंधळू द्या.

एक सुधारणा सुचवतो. दुपारी सावलीची लांबी फार हळू बदलते, त्यामुळे सर्वांत लहान सावली नेमकी पकडणं अवघड जातं. काठीभोवती चुन्याने एक वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खूण आणि वेळ, दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथे खूण आणि वेळ. दोन वेळांचा मध्य ही खरी दुपार. दोन खुणांच्या मधोमध काठीपर्यंत रेघ ओढली की दक्षिण-उत्तर दिशा मिळते, होकायंत्राची गरजच नाही.

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते तो दिवस, तुमच्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ७ ते १० ऑगस्टच्या आसपास येतो. एकदा सुट्टी, एकदा खानापूरचा पाऊस, त्यामुळे त्यावर प्रशिक्षण बांधू नका. मात्र या दोन तारखांच्या मधल्या काळात भर दुपारची सावली दक्षिणेला पडते, हे जरूर विचारा.

साधनांसाठी स्टेलारियम हे संगणकावर आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, एकदा घेतलं की इंटरनेट लागत नाही. पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेत आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या खगोलशिक्षण कार्यालयाचं भारतातलं केंद्र आहे, तिथे पत्र टाका.

धागाकर्ता
बाई, आकाशवेडे, मनापासून आभार. १२ वाजून १६ मिनिटं वाचून मी तडक जुनी वही काढली. दोन्ही दिवशीच्या नोंदी त्याच्या आसपासच्या आहेत. मुलांना उद्या सांगणार.

आता ठरवलंय असं: पहिल्या दिवशी सकाळी चिठ्ठ्या आणि वर्तुळ, मध्ये शाळूचा दाणा. दाणा ४ मिलिमीटरची पृथ्वी धरली तर चंद्र म्हणजे राजगिऱ्याचा दाणा, १२ सेंटिमीटरवर. सूर्य ४४ सेंटिमीटरचा गोळा, ४७ मीटर लांब, मैदानाच्या पार टोकाला. दुसरा दिवस फक्त चंद्राचा. तारीख वद्य अष्टमीला जोडून मागतो, म्हणजे सकाळी चंद्र मिळेल.

एकच विचारायचं राहिलं. कन्नड माध्यमाच्या मित्रांसाठी चिठ्ठीवरचा प्रश्न नीट कन्नडमध्ये लिहून देणारं इथे कुणी आहे का? माझं कन्नड बाजारापुरतं आहे, आणि पहिलाच प्रश्न चुकीचा जायला नको.